देवीचा उजवा, फोनचा डावा

आमच्या नवलाई देवीने माझ्या मुलीच्या लग्नाला एकाच सकाळी होकारही दिला आणि नकारही. यात देवीची काही चूक नव्हती. मध्ये मी होते.

मी फेसबुकवर ‘नवलाई माउली’ नावाचं पान चालवते. आमचे हे निवृत्त झाले (शाळेत भूगोल शिकवायचे), मृणाल नोकरीला पुण्याला गेली, आणि रत्नागिरीच्या घरात मी, हे आणि भिंतीवरचा जगाचा नकाशा असे तिघेच उरलो. नकाशाकडे हे बघत बसायचे. मी कुणाकडे बघायचं? मग मी आमच्या वाडीच्या देवीला फेसबुकवर आणली. रोज सकाळी देवळातला एक फोटो, खाली भक्तीच्या दोन ओळी, आणि शेवटी ‘पुढे पाठवा’. (नाही पाठवलं तर काय होईल, ते मी कधीच लिहीत नाही. तेवढी भीती ज्याची त्याने घ्यावी.) वाडीतली माणसं डोंबिवलीपासून दुबईपर्यंत जिथे जिथे पांगली आहेत, ती सगळी ह्या पानावर. आमच्या शेजारच्या जुबेदाभाभीसुद्धा! त्या मला शुक्रवारी दुवा पाठवतात, मी त्यांना रोज नवलाई पाठवते. दोघींचं छान चाललंय.

“रोज सकाळी देवीला उठवून लोकांच्या खिशात कोंबतेस. तिला एकदा विचारलंस का?” हे म्हणायचे.

“तुम्ही इतकी वर्षं पोरांच्या डोक्यात सह्याद्री कोंबलात, त्याला विचारलं होतंत?” मी म्हणायचे.

ह्या पानामुळेच तर मृणालला स्थळ आलं! चिपळूणच्या कल्पनाताई. आमची वाडी त्यांचं आजोळ. सकाळी मी फोटो टाकला की पहिला ‘जय नवलाई’ त्यांचा. त्यावरून ओळख झाली, ओळखीवरून फोन, आणि फोनवरून त्यांचा रोहन निघाला. पुण्यातच नोकरीला, मृणालपासून दोन चौक सोडून. आता आमची मृणाल म्हणजे काय सांगू? एक मुलगा नाकातून हसतो म्हणून नको, दुसरा चहात बिस्किट बुडवून विसरतो म्हणून नको. तिसऱ्याला का नको ते तिला स्वतःलाच सांगता येईना, पण नको. ती रोहनला भेटून आली आणि फोनवर एवढंच म्हणाली, “आई, हा चालेल.” मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. पोरीच्या आवाजात असं काही मी ऐकलंच नव्हतं. मला अगदी भरून आलं.

आम्ही दोघंही चिपळूणला जाऊन, घर बघून, घावन खाऊन आलो. आता एकच गोष्ट बाकी होती. कल्पनाताई म्हणाल्या, “आमच्याकडे देवीच्या कौलाशिवाय सुपारी फुटत नाही हो. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते, पण ती देवळाची घाटी काही मला चढवत नाही. तुम्ही असं करा, लाईव्ह दाखवा. मी इथून हात जोडते.”

लाईव्ह! देवीचा कौल लाईव्ह! माझी छाती अशी फुगली की ब्लाउजची शिवण बोलायला लागली.

कौल म्हणजे काय ते बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे देवीला काही विचारायचं असलं की गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी आधी पडली तर होय, डाव्या खांद्यावरची पडली तर नाही. देवीचा उजवा म्हणजे आपण समोर बसलो की आपल्या डाव्या हाताला. कोकणातल्या पोराला हे अक्षरओळखीच्या आधी कळतं.

गुरवमामांना लाईव्ह पटेना. “वैनी, रोजचा फोटू ता ठीक हाय. पन कौल? देवी लाजली आनि पाकळीच सोडलान नाय तर?”

“मामा, तुमचा सुरेश मुंबईहून बघणार आहे.”

गुरवमामा आत गेले ते नवीन धोतर नेसून, केसांना पाणी लावून बाहेर आले.

मी फोन देवळातल्या दानपेटीला टेकवून उभा केला. आता फोनला दोन कॅमेरे असतात, एक पाठीवर आणि एक पोटावर. पाठीचा लावला तर आपण चित्रात आहोत की नाही ते आपल्याला दिसत नाही. आणि पैठणी काय मी घरात घडी करून ठेवायला घेतली होती? मी पोटाचा कॅमेरा लावला. वा! मध्ये देवी, एका बाजूला गुरवमामा, दुसऱ्या बाजूला मी, आणि माझ्या मागे अर्धे हे. (पूर्ण हे मावत नव्हते.)

“बाय माजे नवलाई,” गुरवमामांनी सुरुवात केली, “ह्या तुज्या लेकराचा चिपळुनात सोयरिकीचा बोलना चाललाय. तुजी राजीखुशी आसंल तर उजवा दी, आनि तुज्या मनात काय किंतू आसंल तर डावा दी. लेकराला वाट दाखव गो माय!”

“व्हय महाराजा!” आम्ही सगळे.

आणि मग काही नाही. पाकळ्या आपल्या जागच्या जागी. देवळात माणसं खोकायचीसुद्धा थांबली. माझे हात जोडलेले, डोळे पाकळ्यांवर. डावी पाकळी हलल्यासारखी वाटली! नाही, वारा होता. मी मनातल्या मनात देवीला म्हटलं, बाई गं, आजवर तुझे एवढे फोटो टाकले, सगळे चांगल्या बाजूने टाकले, आता तू माझ्या पोरीची बाजू घे. मागून ह्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, ‘उजवा दे माउली, उजवा दे.’ (वर हा माणूस म्हणतो, माझा कौलबिलावर विश्वास नाही!)

आणि पडली! देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी अलगद सुटली आणि पायाशी येऊन पडली. उजवा! स्वच्छ उजवा!

आमच्या देवळाची रीत अशी की कौल पडला की कुणी तोंडाने काही बोलायचं नाही. गुरव घंटा वाजवतो आणि सगळे जमिनीवर डोकं टेकतात. देवी बोलली, त्यावर आपण आणखी काय बोलणार? तर घंटा वाजली, मी डोकं टेकलं, आणि जी रडायला लागले ती थांबेचना. हमसून हमसून रडले. मागे हे चष्मा काढून डोळे पुसत होते. गुरवमामासुद्धा उपरण्याने नाक पुसत होते.

हे सगळं लाईव्ह चालू होतं. आणि नेमकं तिथे, मी रडत असताना, रेंज गेली.

त्या वेळी मला ह्याचा पत्ताच नव्हता. आम्ही पेढे वाटले, गप्पा मारल्या, ओटी भरली आणि घाटी उतरून गाडीपाशी आलो. तिथे रेंज येते. मी लगेच पानावर लिहिलं, ‘देवीने कौल दिला. तो सर्वांनी डोळ्यांनी पाहिलाच आहे. आता यात बदल नाही. माउलीची इच्छा!’

घरी पोहोचेपर्यंत फोन टुणटुणतच होता. माझी मान ताठ. पहिला फोन माझ्या नणंदेचा, डोंबिवलीहून.

“वहिनी, धीर धरा हो.”

“धीर कसला वन्सं? आता तयारीला लागायचं!”

“तेच बरं. मन कशात तरी गुंतवा. पण तुम्हाला तसं रडताना नाही हो बघवलं.”

“अहो, ते आनंदाने रडत होते मी!”

पलीकडे वन्संनी दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग हळूच, “आनंदाने? वहिनी... इतका का वाईट होता मुलगा?”

मी फोन ठेवला. ह्यांना म्हटलं, “वन्संना बघवत नाही दुसऱ्याचं चांगलं झालेलं. मीठ-मोहऱ्या काढून ठेवते.” हे नकाशाकडे बघत होते.

तेवढ्यात कल्पनाताईंचा मेसेज आला. ‘देवीच्या इच्छेपुढे आपण कोण! मृणालला माझे खूप खूप आशीर्वाद. जिथे जाईल तिथे सुखी राहो.’ वाचून मला गहिवरून आलं. काय मोठं मन! ‘जिथे जाईल तिथे’ म्हणजे त्यांच्याच घरी की! किती नम्रपणे लिहिलंय! मी ताबडतोब उत्तर पाठवलं, ‘तुमच्या तोंडात साखर पडो! आम्ही तर देवळातच पेढे वाटले. आता जिवाला घोर नाही.’

निळ्या खुणा झाल्या. उत्तर आलं नाही. मला वाटलं, आनंदात असतील बिचाऱ्या.

आणि मग मृणालचा फोन आला.

“आई, तू पेढे वाटलेस?”

“हो मग! सगळ्या वाडीला!”

“मला आयुष्यात एकच मुलगा आवडला, आणि तो मोडला म्हणून तू पेढे वाटलेस?”

“मोडला? कुणी मोडला? अगं, उजवा कौल मिळाला!”

“डावा मिळाला, आई! सगळ्यांनी बघितला. रोहनच्या आई रडतायत. म्हणतात, डाव्याचं एक वेळ सोसलं असतं, तिथल्या तिथे काही शांती करून घेतली असती, पण मृणालच्या आईने पेढे वाटले, जिवाला घोर नाही म्हणाल्या, आमच्या घरात एवढं काय वाईट होतं?” आणि माझी पोर, जी लहानपणी गुडघा फुटला तरी रडली नव्हती, ती फोनवर हुंदके द्यायला लागली. “आई, तू ते लाईव्ह केलंसच कशाला गं?”

मी मटकन सोफ्यावर बसले. ह्यांनी फोन घेतला, पान उघडलं, आणि आम्ही दोघांनी तो व्हिडिओ लावला.

गाऱ्हाणं झालं. पाकळ्या चिकटलेल्या. आणि पडली... डावी! स्वच्छ डावी! त्यानंतर घंटा, त्यानंतर जमिनीवर लोळण घेऊन धाय मोकलून रडणारी मी, मागे डोळे पुसणारे अर्धे हे. असा डावा कौल कुणाच्याही घरी पडू नये.

“अहो,” मी म्हटलं, “आपण उजवाच बघितला ना?”

“उजवाच.”

“मग हे काय?”

हे उठून खोलीत येरझाऱ्या घालायला लागले. “देवीचं तोंड पूर्वेला. पूर्वेला तोंड केलेल्या माणसाचा उजवा हात दक्षिणेला. दक्षिणेकडची पाकळी पडली. मी स्वतः बघितलं. दक्षिण दिशा अशी फोनने बदलत नाही!”

“दक्षिण नाही बदलत, पण देवीचं मन बदललं असेल तर?”

खरं सांगते, मला तेव्हा खरोखरच भीती वाटली. देवळात तिने आम्हाला तोंडावर उजवा दिला, आणि जगाला वेगळंच सांगितलं? माझ्यावर रुसली का? रोज पहाटे तिला न विचारता फोटो काढते, तिच्या साडीचा रंग बरा दिसावा म्हणून वर आणखी रंग भरते, हा त्याचा राग आहे का? आणि राग माझ्यावर, तर शिक्षा माझ्या पोरीला का? माझं डोकं चालेनासं झालं. मी गुरवमामांना फोन लावला. मामांचा सुरेशही तोवर त्यांना बोलला होता.

“वैनी, मला तर सुदरतच नाय! सुरेश म्हनतो, बाबा, तुमी आता डाव्या हातान पूजा करायला लागलाव काय? म्या जलमात डाव्या हातान तीर्थ दिलंला नाय! ह्या मशिनीत देवी फिरली वैनी. उद्या पुन्ना गाऱ्हाना घालूया, पन तो डब्बा आनू नका!”

तेवढ्यात दारात जुबेदाभाभी. डोक्यावरचा दुपट्टा सारखा करत आत आल्या आणि माझा हात धरून बसल्या. “वैनी, मी पन बगितला. दिल बसला माजा. मृणाल माज्या हातावर वाढलेली पोर! अल्ला खैर करो, दुसरा चांगला मिळंल तिला.”

“भाभी, दुसरा नको हो तिला! हाच हवाय!” आणि मी पुन्हा रडायला लागले. ह्या वेळचं रडणं खरोखरच डाव्या कौलाचं होतं.

भाभींनी मला पाणी दिलं, आणि मला जरा दुसरीकडे वळवावं म्हणून माझा फोन हातात घेऊन व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला लागल्या. “बगा, लोकांना किती वाईट वाटलाय... ‘काकू, सावरा’... ‘माउली दुसरी वाट दाखवील’... ‘पैठणी छान आहे’...” मग थांबल्या. “ह्यो कोन हाय मेला? म्हनतो, ‘काकू, पदर उजव्या खांद्यावर? गुजराती नेसलात का?’”

“कोण म्हणतो गुजराती?” मी रडता रडता उसळले. (माणूस कितीही दुःखात असला तरी पैठणीवर बोललेलं चालत नाही.) “चांगली नऊवार काय, सहावार काय, जन्मभर डाव्याच खांद्यावर पदर घेतलाय मी! आत्ताही बघा!”

भाभींनी माझ्या खांद्याकडे बघितलं. पैठणीचा पदर डाव्या खांद्यावर. मग फोनकडे बघितलं. पैठणीचा पदर उजव्या खांद्यावर. पुन्हा माझ्याकडे. पुन्हा फोनकडे.

“वैनी,” त्या सावकाश म्हणाल्या, “तुमी पुढचा कॅमेरा लावलेलाव?”

“म्हणजे पोटावरचा? हो. का?”

“या खुदा! वैनी, त्यो आरसा असतो! माजा पोरगा अस्लम दुबैत दुकानाच्या पाटीखाली उबा राहून स्वताचा फोटो पाठवतो, ता पाटी सगली उलटी येते. उजवा ता डावा, डावा ता उजवा!”

हे ताडकन उभे राहिले. “दक्षिण दक्षिणेलाच आहे!” असं ओरडून त्यांनी भाभींना नमस्कार केला. मी तर भाभींना मिठीच मारली. म्हणजे देवी रुसली नव्हती! तिने उजवाच दिला होता! तो डावा केला होता माझ्या पैठणीच्या हौसेने.

मी लगेच कल्पनाताईंना फोन लावला. उचलला, पण आवाज थंडगार.

“ताई, अहो, कौल उजवाच आहे! फोनमध्ये तो उलटा दिसतो!”

“सकाळी तुम्हीच लिहिलंत ना, सर्वांनी डोळ्यांनी पाहिला, आता यात बदल नाही?”

“हो, पण ते...”

“पेढेही वाटलेत.”

“ते उजव्याचे पेढे होते हो!”

“हे बघा सुमनताई,” त्या म्हणाल्या, “मुलीने रडून घेतलं म्हणून तुमचं मन आता बदललं असेल, मी समजू शकते. मीही आई आहे. पण म्हणून देवीचा कौल फिरवून सांगू नका. मला भीती वाटते.” आणि फोन ठेवला.

त्यांच्या जागी मी असते तर मीही असंच म्हटलं असतं. स्वतःच्या पानावर स्वतःच शिक्का मारून ठेवला होता मी. बरं, आता पानावर ‘कौल उलटा वाचावा’ असं लिहायचं कसं? वाडीतले लोक म्हणतील, मास्तरांच्या बायकोने पोरीसाठी देवीला खोटं पाडलं! ती रात्र मी नुसती कूस बदलत काढली. सकाळी ह्यांनी गाडी काढली. “चल चिपळूणला. हे फोनवर सुटणारं नाही.”

रस्त्याचं काम चालू होतं. (आमच्या रस्त्याचं काम नेहमीच चालू असतं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको.) प्रत्येक खड्ड्याला मी ‘नवलाई, सांभाळ’ म्हणत होते. हे मध्येच म्हणाले, “आरसा घेतलास का?” मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. पोरीचं लग्न मोडतंय आणि ह्यांना मी कशी दिसते त्याची पडलीय! “अगं, आरशात धरलं की उलट्याचं सुलट होईल!” तोवर आम्ही सावर्डे ओलांडून चिपळूणच्या जवळ आलो होतो.

कल्पनाताईंनी दार उघडलं. डोळे सुजलेले. तरी “या” म्हणाल्या. बसायला दिलं, पाणी दिलं. त्यांचे यजमान, अण्णा, पेपरमागे तोंड लपवून बसले होते. मला त्या क्षणी इतकं कसंनुसं झालं! किती चांगली माणसं ही, आणि माझ्या एका बोटाने काय करून ठेवलं!

“ताई,” मी म्हटलं, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण तुमच्या घरात मोठा आरसा असेल तर तेवढा एकदा दाखवा.”

आतल्या खोलीत लोखंडी कपाट होतं, त्याला मोठा आरसा. पानावरचा व्हिडिओ बारीक दिसत होता, म्हणून ह्यांनी फोनमध्ये साठलेलंच चित्रण काढलं आणि टेबलावर तेलाच्या बाटलीला टेकवून फोन आरशाकडे तोंड करून ठेवला. आम्ही सगळे कपाटासमोर हात जोडून उभे! बाहेरून कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, ह्या घरात कपाटाची पूजा चालू आहे.

आरशात मी आले. पदर डाव्या खांद्यावर. “बघा!” मी म्हटलं. गुरवमामा आले, घंटेला उजवा हात. “बघा!” हे म्हणाले. कल्पनाताई चष्मा लावून पुढे वाकल्या. गाऱ्हाणं झालं, “व्हय महाराजा” झालं (अण्णाही नकळत म्हणाले), आणि आरशातल्या देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी अलगद सुटली.

कल्पनाताईंनी आरशाला वाकून नमस्कार केला. मग वळल्या आणि मला मिठीच मारली. “सुमनताई, रात्रभर डोळ्याला डोळा नाही हो माझ्या! रोहन जेवला नाही. मला वाटलं, देवीला माझंच काहीतरी खटकलं.”

“आणि मला वाटलं माझं!” दोघी गळ्यात गळे घालून रडलो. अण्णा म्हणाले, “रोहनला फोन करतो, आधी काहीतरी खा म्हणावं.” ह्यांनी मृणालला फोन लावला. पलीकडून पोरीचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, आत्ता देवीने नेलं तरी चालेल.

“आता असंच जायचं नाही,” म्हणत कल्पनाताई आत पळाल्या (गुडघे कुठल्या कुठे गेले होते) आणि घावन आणि नारळाचा रस घेऊन आल्या. आम्ही तिथेच, कपाटासमोर पलंगावर बसून खायला लागलो. सगळे खुशीत. मी घावनाचा मोठा तुकडा तोंडात घातला.

आणि टेबलावरून माझाच आवाज आला.

रेंज गेली तेव्हा लाईव्ह तुटलं होतं. पण फोन आपला इमानदारीने चित्रण करतच राहिला होता. डोकी टेकून झाली होती, पेढे वाटून झाले होते, आणि आता देवळातली मी पदराने वारा घेत ह्यांना सांगत होते, “सुटले बाई एकदाची! आता सुपारी फुटेपर्यंत त्या चिपळूणच्या बाईंपुढे मान डोलवायची की झालं. काय बोलते हो ती बाई! श्वास कधी घेते कोण जाणे. आणि ते घावन! मागच्या खेपेला खाल्लेलं अजून इथे छातीत अडकलंय!”

माझ्या तोंडातला घास खाली जाईना, वर येईना. हे फोनकडे झेपावले. बंद करायला गेले आणि बोट भलतीकडेच पडलं. व्हिडिओ मागे गेला.

“...काय बोलते हो ती बाई! श्वास कधी घेते कोण जाणे. आणि ते घावन!”

“अहो, बंद करा!” मी तोंडातल्या तोंडात ओरडले. ह्यांनी घाईत आवाज वाढवला.

“...अजून इथे छातीत अडकलंय! पण मुलगा सोनं आहे हो. मृणाल कशी हसून बोलली परवा, ऐकलंत ना? त्या हसण्यासाठी मी ते घावन रोज खाईन.”

आरशामुळे उलट्याचं सुलट होतं, पण ते चित्राचं. आवाजाचं काही करता येत नाही. मी खाली बघत बसले. मला वाटलं, गेलं. देवीने दोनदा जोडलं ते मी दोनदा मोडलं. कसाबसा घास गिळला आणि हात जोडले. “ताई, माझी जीभ मेली अशीच आहे. मला काय बोलायचं ते बोला, मारा हवं तर. पण त्याची शिक्षा माझ्या पोरीला नका देऊ.”

अण्णांकडून आधी खुसखुस आली, आणि मग ते पोट धरून हसायलाच लागले. “ऐकलंस? इतकी वर्षं मी हेच सांगत होतो तर भांडणं झाली! आता देवळातून आलंय, आता तरी मान्य कर!”

कल्पनाताई हसल्या नाहीत. माझ्याकडे एकटक बघत होत्या.

“मृणालसाठी रोज खाल?”

“खाईन.”

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक घावन वाढलं. मी खाल्लं. सगळं. त्या बघत होत्या. मग आणखी एक वाढलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ओठाचा कोपरा जरा हलला. “सुपारी पुढच्या आठवड्यात फोडू,” त्या म्हणाल्या. “पण माझी एक अट आहे.”

“कबूल!” मी अट न ऐकताच म्हटलं. मुलीची आई होते मी. काय वाटेल ते कबूल केलं असतं.

लग्न चिपळूणला झालं, अगदी थाटात. मृणाल मंडपभर हसत होती. अण्णांनी पत्रिका स्वतः छापून घेतली होती. वर ‘श्री नवलाई देवी प्रसन्न’, मध्ये दोघांची नावं, आणि अगदी खाली, जिथे सगळे एकच ओळ छापतात, तिथे ठळक अक्षरांत दोन ओळी:

‘कृपया आहेर आणू नयेत.

वधूच्या आईने मोबाईल आणू नये.’